पाणरेषा

पहाटे तीन वाजता कास्त्रोच्या इस्पितळात
यंत्रानं एक चिठ्ठी बाहेर सरकवली,
मासळीबाजारातल्या पावतीएवढी.
पीएच सात पूर्णांक चाळीस.
कार्बन डायऑक्साइड चाळीस. बायकार्बोनेट चोवीस.
मी इंटर्न, अकरा रात्रींची झोप थकीत,
म्हणाले, "सगळं पुस्तकात असतं तसं,"
आणि पेनला टोपण लावलं.

डॉक्टर हिमेना बारीआ काही बोलल्या नाहीत.
पांघरूण वर सारून
त्यांनी डॉन एलिएसेरची पावलं दोन्ही हातांत धरली.
"हात लाव."
पावलं गार होती, रात्रभर धक्क्यावर पडलेल्या दोरासारखी.
मी बोट दाबलं, खड्डा पडला,
आणि खड्डा तसाच राहिला.
"ही पावलं पुस्तकात कुठल्या पानावर आहेत?"

मग मागच्या बाजूला, त्याच चिठ्ठीवर, त्यांनी हिशोब मांडला.
सोडियम एकशे बत्तीस.
त्यातून क्लोराइड चौऱ्याऐंशी गेलं, बायकार्बोनेट चोवीस गेलं.
उरले चोवीस.
उरायला हवे होते बारा.
बाराचं कुणीतरी जास्तीचं आत शिरलंय
आणि दारावर नाव लिहिलेलं नाही.
लॅक्टेट मागवलं. सहा आलं.

पण मग बायकार्बोनेट बारानं उतरायला हवं होतं,
ते का नाही उतरलं?

उत्तर खुर्चीत बसलं होतं, मोजा विणत.
दोन्या एदेल्मिरानं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली:
सूज चढली तशी एकाच्या दोन, दोनाच्या चार.
तीन आठवडे हा माणूस लघवी करत होता,
पाणी गेलं, पाण्यासोबत क्लोराइड गेलं, पोटॅशियम गेलं,
आणि रक्त गुपचूप अल्काकडे कलत राहिलं.
तिकडे हृदय एवढं मंदावलं
की स्नायूंना हवा पुरेना, ते आम्ल गाळू लागले,
आणि रक्त तितकंच दुसऱ्या बाजूला.

"म्हणजे आकडा चांगला आहे ना?" तिनं विचारलं.
मी म्हणाले, दोन आजार आहेत, दोघं एकमेकांना झाकतात,
दोन्हींचं मिळून शून्य होतं, पण ते शून्य...
मला पुढे शब्द सापडेना.
सुई थांबली होती.

तेव्हा पलंगावरून आवाज आला, मास्कच्या आतून.
साठ होड्या बांधलेला माणूस,
डोळे मिटलेलेच.
"दोन्ही बाजूंना सारखं पाणी भरलं
तर होडी सरळच उभी राहते, पोरी.
कलली की नाही ते नको पाहू.
पाणरेषा पाहा. किती खाली गेलीय."

डॉक्टर हिमेना हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"बत्तीस वर्षं शिकवतेय मी हे,
फळ्यावर, तीन रंगांच्या खडूंनी."

पोटॅशियम लावलं, थेंब थेंब.
हृदयाला ढकलणारं औषध लावलं.
वाऱ्यानं फेरी बंद होती, पुएर्तो मोंतला नेणं शक्य नव्हतं,
जे करायचं ते इथंच.
मी दर अर्ध्या तासानं पावलांना हात लावत होते,
चिठ्ठीवर आता माझा तितकासा विश्वास नव्हता.

सकाळी सातला दुसरी चिठ्ठी.
पीएच सात पूर्णांक अठ्ठेचाळीस.
यंत्रानं त्याच्यापुढे बाण छापला होता, वरच्या दिशेनं,
चूक दाखवणारा.
लॅक्टेट दोन.
आम्ल उतरलं आणि त्याच्याखाली दडलेला कल
उघडा पडला, एकटा, ओळखू येण्याजोगा.
आयुष्यात पहिल्यांदा
एका बिघडलेल्या आकड्यानं मला इतका आनंद झाला.

होडी कललेली होती,
पण रंगाची पट्टी पाण्यावर येऊ लागली होती.

डॉन एलिएसेरनं मोजे मागितले.
एकच विणून झाला होता.
तो डाव्या पायात घातला.